दाराखालचा पत्रा : रोव्हरच्या मुलखात पाच दिवस

मे १९७९ मधला एक फोटो माझ्या डोक्यात घट्ट बसला आहे. मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या आणि ४ मे रोजी डाउनिंग स्ट्रीटवर आल्या, त्याची बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही होती. मी तेव्हा पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, अप्रेंटिस होतो. कॅन्टीनमध्ये पेपर हातोहात फिरत होता, जो तो बाईंबद्दल बोलत होता आणि माझी नजर त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काळ्या गाडीवर खिळली होती. उंच कपाळ, भक्कम खांदे, क्रोमची जाड पट्टी. नाव कळायला बरीच वर्षं लागली : रोव्हर पी-फाइव्ह-बी. ही गाडी बनणं १९७३ सालीच थांबलं होतं, हे तर त्याहून उशिरा कळलं. सहा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या मॉडेलमध्ये बसून नव्या पंतप्रधान का आल्या, हा प्रश्न मनात राहून गेला.

पुढची सगळी नोकरी बॉडी शॉपमध्ये, म्हणजे पत्र्यातच गेली. आधी ट्रक, मग इंडिका. निवृत्तीनंतर मुलाकडे कॉव्हेंट्रीला यायचा योग आला, तेव्हा हिला आधीच सांगून ठेवलं, की लंडन नंतर पाहू, पाच दिवस मला या गाडीसाठी दे. ती म्हणाली, "सहा घ्या, पण पाऊस आला तर मी घरी बसणार."

पहिला दिवस : कॉव्हेंट्री

सकाळी चालतच ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये गेलो. रोव्हरची सुरुवात मोटारीपासून नाही, सायकलीपासून झाली. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली इथे 'रोव्हर सेफ्टी' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळजवळ सारख्या आकाराची आणि साखळीने फिरणारं मागचं चाक. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा सांगाडा तोच. पोलिश भाषेत सायकलला आजही 'रोव्हेर' म्हणतात, तो शब्द या गावातून गेला. हिला ही गोष्ट फार आवडली. आपण बंबाला 'बंब' म्हणतो तेव्हा तो शब्द कुठून आला याचा विचार कुठे करतो, असं ती म्हणाली.

दुपारी जुन्या कॅथीड्रलमध्ये बसलो. वर छप्पर नाही, भिंती आणि खिडक्यांच्या रिकाम्या कमानी तेवढ्या उभ्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर जाळलं. रोव्हरचा इथला कारखानाही युद्धात उद्ध्वस्त झाला आणि युद्ध संपल्यावर कंपनीने आपलं बस्तान सॉलिहलला हलवलं. तिथे लढाईच्या तयारीसाठी सरकारने बांधलेला कारखाना होता, तो तिला मिळाला. माझी गाडी कॉव्हेंट्रीची नाही, सॉलिहलची, ती यामुळे.

दुसरा दिवस : सॉलिहल

या दिवसाबद्दल सांगण्यासारखं थोडंच. लोड लेनवर मुलाने गाडी थांबवली आणि आम्ही फाटकाबाहेर उभे राहिलो. आत शिरायची सोय नव्हतीच. फाटकावर जॅग्वार लँड रोव्हरची पाटी. १९५८ ते १९७३ अशी पंधरा वर्षं पी-फाइव्ह इथूनच बाहेर पडत होत्या. आता रेंज रोव्हर बाहेर पडतात.

टाटांनी २००८ साली ही कंपनी घेतली. तिच्याबरोबर रोव्हर हे नावही आलं. ब्रिटनमध्ये रोव्हर नावाने गाड्या काढणारी शेवटची कंपनी एप्रिल २००५ मध्ये बुडाली, हजारो कामगार रस्त्यावर आले. नाव आधी बीएमडब्ल्यूकडे होतं, तिथून फोर्डकडे आणि फोर्डकडून टाटांकडे. म्हणजे ज्या गाडीचा फोटो मी पिंपरीच्या कॅन्टीनमध्ये पाहिला, तिचं नाव आज माझ्याच जुन्या मालकांच्या दप्तरात आहे. ते ऐकून ही म्हणाली, "मग वापरत का नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाटकासमोर पाच-सात मिनिटं उभा राहिलो. पाळी सुटत होती. गळ्यात कार्ड, पाठीला सॅक, घराकडे निघालेली पावलं. पाळी सुटल्यावरची चाल सगळीकडे एकच असते, मोरवाडीला काय आणि इथे काय.

तिसरा दिवस : गेडन

कॉव्हेंट्रीहून दक्षिणेला अर्धा-पाऊण तास. गेडन हा एके काळचा हवाई दलाचा तळ. आता तिथे एका बाजूला गाड्यांचं संशोधन केंद्र आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. दहा वाजता आत शिरलो ते पार बंद व्हायच्या वेळेला बाहेर आलो.

जिच्यासाठी आलो होतो ती गडद हिरवी निघाली. राणी एलिझाबेथची स्वतःची पी-फाइव्ह-बी. मिरवणुकीतली नव्हे, त्यांची खासगी, विंडसरच्या आसपास त्या स्वतः चालवायच्या ती. दोरीच्या अलीकडून मी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या. फोटोत ही गाडी जड वाटते. समोर पाहिल्यावर कळतं, की छताची रेघ बोनटपासून डिकीपर्यंत कुठेही न अडखळता उतरली आहे. डेव्हिड बाश यांनी रोव्हरसाठी पूर्णपणे आखलेली ही पहिली गाडी. चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, बॉडी बसवायची जुनी पद्धत सोडून सगळा सांगाडाच पत्र्याच्या पेट्या जोडून उभा करण्याचा रोव्हरचा हा पहिला प्रयोग, १९५८ सालचा. इंडिकाच्या वेळी आम्ही तेच काम शिकलो, चाळीस वर्षांनी.

आत चेरीचं लाकूड, कातडी आसनं आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट : डॅशबोर्डखाली एक छोटा खण. ओढला की पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, प्रत्येक हत्यार आपापल्या खोबणीत झोपलेलं. दिमाखदार गाडीत मालकाच्या हाताशी पाने ठेवणारा माणूस मला ओळखीचा वाटतो. गाडी ही मालकाने हात लावायची वस्तू आहे, असं त्याला वाटत असणार. त्या खणाचं चित्र पुस्तकात पाहिलं होतं. राणीच्या गाडीचा खण मात्र बंदच राहिला, दोरी ओलांडायची सोय नव्हती.

आता इंजिनाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. पहिल्या पी-फाइव्हमध्ये तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं जुन्या वळणाचं इंजिन होतं. शांत, पण गाडीच्या वजनापुढे दमणारं. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्युइक गाड्यांसाठी अॅल्युमिनियमचं आठ सिलिंडरचं व्ही-एट काढलं होतं. ते ओतताना माल फार खराब जायचा आणि खर्चही परवडेना, म्हणून तीनच वर्षांत त्यांनी ते सोडून दिलं. रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले असता त्यांना ते तिथे पडलेलं दिसलं. जानेवारी १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. ब्युइकचे निवृत्तीला आलेले इंजिनिअर जो टर्ली मदतीला इंग्लंडला आले. ब्युइकमध्ये सिलिंडरच्या लोखंडी नळ्या धातू ओततानाच आत धरायचे. रोव्हरने वाळूच्या साच्यात ब्लॉक ओतला आणि नळ्या नंतर दाबून बसवल्या. फाउंड्रीतल्या कोणालाही विचारा, या एका फेरफारात किती डोकेदुखी वाचली असेल ते तो सांगेल.

१९६७ च्या सप्टेंबरात गाडी पुन्हा आली, ३५२८ सीसीचं नवं इंजिन घेऊन. नावापुढचा 'बी' हा ब्युइकचा. ताकद सुमारे १६० अश्वशक्ती, आणि वजन जुन्या सहा सिलिंडरवाल्यापेक्षा सुमारे ९० किलोंनी कमी. हॅरोल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, जेम्स कॅलहन आणि थॅचर, चार पंतप्रधान यातून फिरले. विल्सन पाइप ओढायचे, म्हणून त्यांच्या गाडीत त्यासाठी खास रक्षापात्र बसवलं होतं.

आणि माझ्या १९७९ च्या प्रश्नाचं उत्तर. १९७३ च्या जूनमध्ये उत्पादन थांबताना शेवटच्या गाड्यांचा एक गट सरकारने घेऊन ठेवला आणि पुढची काही वर्षं लागतील तशा त्या बाहेर काढल्या. नवी गाडी घेण्यापेक्षा त्यांना हीच साठवून ठेवावीशी वाटली. एखाद्या गाडीला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं मला माहीत नाही.

म्युझियमच्या दप्तरात कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत. आपल्या गाडीचा चासी नंबर कळवला तर ती कधी बनली, मूळ रंग कोणता, कोणत्या विक्रेत्याकडे गेली याचा दाखला मिळतो. हे ऐकून माझा जीव हळहळला. आम्ही एवढी वाहनं बनवली, त्यांपैकी कितींची जन्मपत्रिका आज कोणी काढून देऊ शकेल?

पी-फाइव्ह एकूण ६९,१४१ बनल्या. त्यांतल्या व्ही-एट २०,६०० : ११,५०१ सलून, म्हणजे नेहमीच्या चार दारांच्या, आणि ९,०९९ कूपे. कूपे म्हणजे दोन दारांची नव्हे. दारं चारच, फक्त छत अडीच इंचांनी खाली ओढलेलं. कॅन्टीनमध्ये हिच्याबरोबर चहा घेताना आकडे कागदावर मांडत होतो. सत्तर हजारांच्या आसपास गाड्या, त्याही जपून वापरणाऱ्या डॉक्टर-वकील-अधिकाऱ्यांच्या. मग गेल्या कुठे? आल्यापासून रस्त्यावर एकही दिसली नव्हती.

चौथा दिवस : वुस्टरशरमधली एक शेड

मुलाच्या ओळखीतून एका कारागिराची वेळ मिळाली होती. शेतांच्या मधोमध पत्र्याची शेड, बाहेर सफरचंदाची झाडं, खाली पडलेल्या फळांवर माश्या. कारागीर माझ्याच वयाचा असेल. मी पत्र्यातला आहे हे मुलाने सांगितलं आणि त्याने एक शब्द न बोलता ग्राइंडर बाजूला ठेवून मला खाली वाकायची खूण केली.

मधे एक पी-फाइव्ह-बी सलून चौकटीवर चढवली होती, दारं काढलेली. दोन खांबांच्या मधे लोखंडी नळ्या आडव्या-तिरक्या झाळून घेतल्या होत्या. मला लगेच कळलं कशासाठी. दाराखालून जाणारी पत्र्याची लांब पेटी, तिला इथे 'सिल' म्हणतात, ती कापायची असेल तर आधी सांगाडा जखडावा लागतो. नाही तर गाडी मधून वाकते आणि पुन्हा दारं बसत नाहीत. चासीच्या गाडीत ही पेटी नुसती शोभेची. या गाडीत तीच कणा.

त्याने बाहेरचा पत्रा कापून ठेवला होता. आतली गोष्ट पाहून मी जागीच बसलो. सगळ्यात वर रंग, मग खड्डे बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, बोटभर जाड. तिच्याखाली कोणीतरी कधीतरी वरून डकवलेला पत्रा. त्याच्याखाली आणखी एक डकवलेला पत्रा. आणि आत जिथे मूळ पेटी असायला हवी तिथे तांबूस भुगा. मूठभर भुगा त्याने माझ्या हातावर ठेवला. चहाच्या चोथ्यासारखा हलका.

"ही गाडी बाहेरून चकाचक होती," तो म्हणाला. "मालकाला वाटत होतं फक्त रंग द्यायचाय."

मग त्याने मला पेटीच्या तळातली भोकं दाखवली. कारखान्यानेच ठेवलेली, पाणी निथळून जायला. गंज लागू नये म्हणून पूर्वी गाडीखाली डांबरासारखा लेप फासत, त्या लेपाने नेमकी हीच भोकं बुजली. पाणी आत कोंडलं. आणि ते साधं पाणी नव्हे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. चेशायरमध्ये विन्सफर्डला जमिनीखाली मिठाची खाण आहे, १८४४ पासूनची, तिथलं मीठ देशभर जातं. म्हणजे दर हिवाळ्यात गाड्या खारट चिखलातून धावतात. कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. रत्नागिरीला माझ्या मामांच्या घरी खिडक्यांचे गज दर चार-पाच वर्षांनी बदलावे लागायचे, आणि ते तर समुद्रापासून दूर राहत.

त्यातून तपासणी. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. कण्याजवळ गंज दिसला की गाडी नापास. नियम योग्यच, रस्त्यावर माणसं मरू नयेत म्हणून केलेला. पण सिल बदलायचा खर्च ऐकला की १९७०-८० च्या दशकांतला मालक सरळ भंगारवाल्याला फोन करायचा. तेव्हा ही नुसती जुनी, पेट्रोल पिणारी गाडी होती. लिटरला सहा-सात किलोमीटर, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर ते कोणाला परवडणार?

मागच्या कोपऱ्यात दुसरा एक सांगाडा होता, पांढऱ्या धुळीने भरलेला. बोनटखाली पोकळी. इथे त्याने जे सांगितलं ते मी रात्री वहीत लिहून काढलं. गाडीचा पत्रा सडला तरी ते अॅल्युमिनियमचं इंजिन ठणठणीत असायचं. हलकं, जोरकस, आणि तेच इंजिन १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये, मॉर्गनमध्ये, एमजीमध्ये बसलेलं. त्यामुळे ज्याला आपल्या लँड रोव्हरमध्ये किंवा घरी जोडलेल्या स्पोर्ट्स गाडीत व्ही-एट हवं, तो दोनशे मैल जाऊन एखादी गंजकी पी-फाइव्ह-बी विकत घ्यायचा, इंजिन काढायचा आणि उरलेलं भंगारात. लँड रोव्हरने या इंजिनाचे वंशज २००४ पर्यंत वापरले. इंजिन जगलं आणि गाडी गेली. ज्या इंजिनाने तिला दुसरा जन्म दिला त्याच्याच मागणीने ती कापली गेली.

मी आयुष्यभर ऐकत आलो, की गाडीचा जीव इंजिनात असतो. बॉडी शॉपमधल्या आम्हा लोकांना ते कधीच पटलं नव्हतं. इंजिन बदलता येतं. पत्रा गेला की गाडी गेली.

मग वाचल्या त्या कोणामुळे? त्याने बोटांवर तीन प्रकार मोजून दाखवले. काही सरकारने आणि राणीने जपलेल्या. काही अशा, ज्यांच्या मालकांनी पावसाळी दिवशी गाडी बाहेरच काढली नाही. आणि उरलेल्या हट्टी लोकांमुळे, जे गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त मजुरी पत्र्यावर खर्च करतात. कूपेला भाव जास्त, म्हणून एक कूपे उभी करायला दोन सलून कापल्याचंही त्याने पाहिलं आहे. सहा सिलिंडरच्या जुन्या तीन लिटरला तर आणखी कमी वाली. २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, करही नाही. पण त्याचं म्हणणं स्पष्ट होतं : सूट असली तरी तपासणी करून घ्यावी, कारण गंजाला कोणी सूट दिलेली नाही.

निघायच्या आधी त्याने माझ्या हातात वेल्डिंगचा मुखवटा दिला. नवा आतला पत्रा बसवायचा होता. वरच्या पत्र्याला ओळीने भोकं पाडून ती भरत जायची, म्हणजे कारखान्यातल्या स्पॉट वेल्डसारखी दिसतात. मी सहा टाके मारले. तो वाकून पाहत राहिला, मग अंगठा उंचावून म्हणाला, की हे घासायची गरज नाही. बाहेर मुलगा घड्याळ दाखवत होता. ही मात्र शेडच्या दारात खुर्चीवर बसून कारागिराच्या बायकोबरोबर सफरचंदाचा जॅम कसा करतात ते खुणांनी समजून घेत होती.

पाचवा दिवस : फॉस वे

त्याच कारागिराने आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. त्याची जुनी गिऱ्हाईक, सत्तरीच्या एक बाई, गेडनपासून जवळच राहतात. वडिलांनी घेतलेली कूपे त्यांच्याकडे आहे, निळसर करडी, वर चंदेरी छप्पर. मला पुढे बसवलं, हिला आणि मुलाला मागे. दार लावलं तेव्हाचा आवाज कपाटाचं सागवानी दार लागावं तसा.

फॉस वे हा रोमन लोकांनी आखलेला रस्ता, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत, आणि वॉरिकशरमधला त्याचा तुकडा दोरी धरून मारल्यासारखा सरळ आहे. बाईंनी गाडी अजिबात रेटली नाही. पन्नास मैलांच्या वेगाला ती गुणगुणत होती, चढ आला की गुणगुण थोडी खोल व्हायची, एवढंच. डाव्या हाताला टेकाडावर चेस्टरटनची दगडी पवनचक्की दिसली, १६३२ सालची, सहा कमानींवर उभी. मागून ही म्हणाली, "अहो, बैठकीच्या खोलीत बसून चाललोय असं वाटतंय." मी त्याचं भाषांतर बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, की त्यांची आईही अगदी हेच म्हणायची.

पेट्रोल भरायला थांबलो. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं, जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, म्हणून त्या महागाचं घेतात. तेवढ्यात एक तरुण आपली गाडी तशीच सोडून आला आणि त्याने विचारलं, ही कोणती गाडी? बाईंनी त्याला डॅशबोर्डखालचा खण उघडून दाखवला. तो अखेर माझ्यासाठीही उघडला. एक पाना नव्हता. वडिलांनी हरवला होता म्हणे, १९७४ च्या उन्हाळ्यात, वेल्समध्ये. त्याच्या जागी दुसरा घालायचा त्यांचा विचार नाही.

घरी परतलो तेव्हा ढग आले होते. ऑक्टोबर उजाडला होता. रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत गाडी गॅरेजमध्ये जाते आणि वसंतात दोन-तीन चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले गेल्यावरच बाहेर निघते, हा त्यांच्या घरचा नियम. वडिलांपासूनचा. गाडी आत लावून झाल्यावर त्यांनी भिंतीवरून तांब्याच्या तारेचा एक आकडा काढला आणि गुडघ्याखाली उशी घेऊन दाराखालच्या पेटीशी बसल्या. कालची भोकं. दर वर्षी मोसम संपला की त्या ती एकेक करून मोकळी करतात.

गुडघ्यांमुळे त्यांना दुसऱ्या बाजूला जायला वेळ लागणार होता. मी हात पुढे केला, त्यांनी तार दिली. फरशीवर आडवा होऊन पहिल्या भोकात तार फिरवली. थोडी माती आली, मग दोन थेंब पाणी. चाचपडत पुढचं भोक शोधलं. मुलगा मोबाइलचा उजेड धरून बसला होता. एका बाजूला सहा भोकं आहेत, असं बाईंनी सांगितलं, आणि मी मोजत मोजत मागच्या चाकाकडे सरकलो.